खालतीच्या बहिणीचा फोन

मान डावीकडं कलती, खांदा कानापर्यंत उचललेला, मधे फोन दाबून धरलेला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. खालती म्हटलं की मला ती अशीच दिसते. रोज सकाळी दहाच्या सुमाराला ती गाझातल्या बहिणीला फोन लावायची. म्हणजे आकडे मी दाबायची, कारण तिचे हात पिठात. तिकडं तेव्हा संध्याकाळचे पाच, दुपारचं मोठं जेवण होऊन गेलेलं. पलीकडून उचलला की ही "कशी आहेस?" म्हणून विचारायची नाही. तिचा एकच प्रश्न.

"एश तबख्ती अल-योम?"

आज काय शिजवलंस?

बहीण काहीतरी सांगायची. ते ऐकून खालतीचा चेहरा एक तर सैल पडायचा, नाही तर तिचे पिठातले हात थांबायचे. मग चार-दोन वाक्यं, की फोन माझ्या हातात. झालं रोजचं बोलणं.

खालती म्हणजे अरबीत मावशी. तिचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण इथं नको. कॅनडातल्या केंब्रिजमधल्या एका छोट्या प्लाझात तिचं टेकआउट होतं, एका बाजूला लॉन्ड्री, दुसऱ्या बाजूला इन्शुरन्सवाला. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील, काउंटरमागं उभ्या राहून सगळ्या गावाला जेवायला घालणाऱ्या आणि स्वतः उभ्यानं दोन घास खाणाऱ्या.

आम्ही केंब्रिजला आलो तेव्हा आमचे हे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर लागले होते. मी मिरजेजवळच्या खेड्यातली, शाळा आठवीत सुटलेली. गणपतीत जवळच्या वॉटर्लूकडची मराठी मंडळी जमायची. सगळे कॉम्प्युटरवाले, डॉक्टर, बोलण्यात वागण्यात छान माणसं. पण कुणी प्रेमानं "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी घाईनं प्रसादाच्या ताटांकडं वळायची. इंग्रजी फॉर्म बघितला तरी मला घाम फुटायचा. बसच्या ड्रायव्हरला कुठं उतरायचं ते सांगायचं असलं तरी मी मनातल्या मनात वाक्यं घोकत जायची.

खालतीच्या काचेवर 'माणूस पाहिजे' अशी पाटी होती. मी तीन दिवस नुसती समोरून गेले. चौथ्या दिवशी तीच बाहेर आली आणि माझा दंड धरून मला आत घेऊन गेली. फॉर्म नाही, काही नाही. पुढ्यात कणकेचा गोळा ठेवला. मी लाटला. तिनं बघितलं. मग एका खोलगट मातीच्या वाडग्यात टोमॅटो, लसूण, हिरवी मिरची आणि शेपू लाकडी बत्त्यानं ठेचून वर तेल ओतलं, भाकरीचा तुकडा त्यात बुडवून माझ्या तोंडासमोर धरला आणि मला ठसका लागतो का ते बघत उभी राहिली. शेपू! मला वाटायचं हा पाला आपल्याशिवाय जगात कुणी तोंडात घालत नसेल. मी खाल्लं आणि बोटानं मिरचीकडं खूण केली, की अजून दोन हव्या होत्या.

ती हसायलाच लागली. "उद्या सातला ये," म्हणाली.

आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळं चांगलं जमायचं. ती मला 'या बिंती' म्हणायची, म्हणजे माझ्या मुली. दुकानाच्या पाटीवर 'मेडिटेरेनियन' असं लिहिलं होतं. जागामालकानं सांगितलं होतं म्हणे, की असं लिही, गिऱ्हाईक घाबरत नाही. कुणी त्यावरून काही विचारलं की ती तडकायची. "मेडिटेरेनियन समुद्र आहे. समुद्र कधी स्वयंपाक करतो का? मी गाझाची आहे. स्वयंपाक मी करते." आणि एखाद्यानं "मिरची कमी" असं सांगितलं, तर ती त्याच्याकडं असं बघायची की तो बिचारा निमूट सोडा विकत घ्यायचा.

ती गाझात जन्मली, पण तिच्या आईवडिलांचं गाव गाझाच्या बाहेर होतं, तिथून त्यांना हाकललेलं. ते गाव आता राहिलंच नाही. तिनं ते कधी पाहिलेलंही नव्हतं. लग्न होऊन कुवेतला, तिथलं युद्ध झाल्यावर कॅनडाला, इथं नवरा गेला, मुलगा कॅलगरीला. पण त्या न पाहिलेल्या गावची सुमागिया शेजारच्या गावापेक्षा किती आंबट हे ती शपथेवर सांगायची. सुमागिया म्हणजे मांस, हरभरे आणि जाड देठाची एक पालेभाजी, सुमाकच्या लाल आंबट पाण्यात शिजवलेली. सुमाकचं पाणी आपल्या कोकमाच्या आगळासारखं. सणाला हे एवढं मोठं पातेलंभर करायचं आणि वाडगे भरून गल्लीत घरोघर पाठवायचं. खालती इथंही पाठवायची. लॉन्ड्रीवाला चिनी म्हातारा आवडीनं खायचा. इन्शुरन्सवाला "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणायचा. त्याला दुसऱ्या वर्षापासून छोटा वाडगा जायला लागला.

तर ते फोन. पहिल्यांदा मला वाटलं, आपल्यासारखंच आहे हे. माझी आईसुद्धा फोनवर पहिल्यांदा "आज काय भाजी केलीस?" असंच विचारते. पण एक दिवस फोन ठेवल्यावर खालती म्हणाली, "मासे केले. म्हणजे आज होड्यांना समुद्रात जाऊ दिलं." मग माझ्या लक्षात यायला लागलं. बहीण मसूर म्हणाली आणि वर तळलेला कांदा नसला, म्हणजे तेल संपत आलंय. भात म्हणाली तर गॅसचा सिलिंडर मिळाला. खुब्बेझा म्हणाली, तर बाजारात काहीच नाही, कारण ती आपल्या घोळ-तांदुळज्यासारखी रस्त्याकडेला उगवणारी रानभाजी. टीव्हीवरचं खालती कधी खरं मानायची नाही. बहिणीनं काय शिजवलं यावरून ती सगळं ओळखायची, कुठला रस्ता बंद, कुठं वीज नाही, कोण आजारी. बहीण "मी बरी आहे" एवढंच म्हणाली असती तर तिचा विश्वास बसला नसता. स्वयंपाक मात्र खोटा सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. बहिणीला मूलबाळ नव्हतं. नवरा वारलेला, घरात ती आणि तिची म्हातारी आंधळी सासू. दोघींपुरता स्वयंपाक.

मलाही अरबी आली ती एवढीच. अदस म्हणजे मसूर, समक म्हणजे मासे, रुझ म्हणजे भात. आणि तो एक प्रश्न.

दोन हजार आठ संपत आलं होतं. नाताळानंतरच्या शनिवारी मी कामावर गेले तर दुकानाचं दार उघडं, दिवे चालू, आणि खालती कोट न काढता फ्रीजवरच्या छोट्या टीव्हीसमोर उभी. गाझावर बॉम्ब पडत होते. तिनं माझ्याकडं न बघता फोन पुढं केला. मी आकडे दाबले. लागला नाही. पुन्हा दाबले. त्या दिवशी आम्ही किती वेळा तो नंबर लावला असेल ते विचारू नका. एकदाच लागला, तो दुसऱ्या दिवशी.

"एश तबख्ती?"

बहिणीनं सांगितलं. खालतीनं फोन ठेवला आणि म्हणाली, "सुमागिया म्हणाली. खोटं बोलली." मग टेबलाला टेकून उभी राहिली. "आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली."

त्यानंतर आठवडाभर काहीच नाही. दुकान चालू होतं. ऑर्डरी घेतलेल्या, त्या द्यायच्या होत्याच. खालती भाकऱ्या भाजायची, डबे भरायची, गिऱ्हाइकांना सुटे पैसे परत द्यायची, पण खायची नाही. काळा चहा तेवढा प्यायची. मी घरून वरण-भात नेला तर माझ्या समाधानासाठी एक घास घेतला आणि झाकून ठेवला. भिंतीवरच्या फोनची वायर तिनं पूर्ण ताणून ओव्हनपर्यंत आणली होती. वॉशरूमला जाताना मला तिथं उभी करायची आणि दार पुरतं लावायची नाही.

एका सकाळी वॉटर्लूच्या एका ऑफिसला फतायरचे, म्हणजे पालक भरून भाजलेल्या त्रिकोणी करंज्यांचे, ट्रे पोचवायचे होते. बर्फ चांगलंच पडलं होतं. मला गाडी येत नाही, तेव्हा जावं तिलाच लागलं. व्हॅनमागचं बर्फ मी शोव्हल करून दिलं. निघताना तिनं तीनदा सांगितलं, "फोन."

आणि आला. ती जाऊन वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मी उचलला. बाईचा आवाज. भरभर, धापा टाकत. मी म्हणाले, "खालती नो. खालती व्हॅन." ती थांबेचना. एकसारखी काहीतरी सांगत होती, तेच तेच, परत परत. मला एक शब्द कळत नव्हता. काहीतरी बोललं पाहिजे, लाइन जाईल, आणि मला बोलता काय येत होतं? मी ओरडून विचारलं, "एश तबख्ती अल-योम?"

पलीकडं एकदम शांत झालं. मग एक आवाज आला, हुंदका की काय कळलं नाही. आणि लाइन गेली.

खालती परत आली ती बुटांचं बर्फसुद्धा न झटकता. माझा चेहरा बघूनच तिनं ओळखलं. माझं मनगट धरलं, बोटं गार. "आला? काय म्हणाली?"

आता तुम्हीच सांगा. जिनं मला दंड धरून आत घेतलं, जिच्यामुळं मी या देशात मान वर करून बसमध्ये बसायला शिकले, तिला मी काय सांगू? की तुझी बहीण एवढ्या वेळानं बोलली आणि मला काही कळलं नाही? मिरजेला आईला मी असंच सांगत आले होते. ह्यांच्या कारखान्यात कामाचे दिवस कमी झाले, तेव्हाही फोनवर "आज भरली वांगी केली" असंच. वाईट बातमी असली की भाजीचं नाव सांगायचं, एवढंच मला माहीत.

मी म्हणाले, "अदस."

"नुसता?"

"कांदा घालून."

खालती मैद्याच्या पोत्यावर बसली. "अल-हम्दुलिल्लाह," म्हणाली. "घरी आहे. स्टोव्ह आहे, तेल आहे, कांदा आहे." बोटांवर मोजत होती. मग उठली, मसूर धुतले आणि दोघींसाठी शिजवले. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली. मी समोर बसून, ताटातून मान वर न करता, तेच खात होते.

तिसऱ्या दिवशी अम्मानहून तिच्या चुलतभावाचा फोन आला. बहिणीची गल्ली गेली होती. तिची इमारत तर पार खाली बसली होती.

खालती ओरडली नाही, रडली नाही. फोन ठेवून एवढंच म्हणाली, "घरी होती ना. कांदा परतत होती."

मी तवा घासत राहिले. ती कपाटातून कॉफीच्या बिया काढायला लागली. त्यांच्यात माणूस गेलं की येणाऱ्यांना बिनसाखरेची कडू कॉफी देतात. रविवारी मशिदीतल्या बायका बसायला येणार, असं तिनं फोन करून ठरवलंसुद्धा.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "अगं, आता सांगून काय होणार? गेली ती बाई. तुझी नोकरी मात्र जाईल. गप्प बस." ह्यांचंही चुकत नव्हतं. कारखान्यातून रोज कुणाला ना कुणाला घरी पाठवत होते. पण मला सारखं तेच दिसत होतं, खालतीच्या डोळ्यांपुढं बहीण स्टोव्हपाशी उभी आहे आणि वरून छत येतंय. ती तशी उभी नव्हतीच. तिथं तिला मी उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं गेले. खालती तव्यात बिया भाजत होती. सगळीकडं धूर.

"खालती, तिनं अदस सांगितलं नाही," मी म्हणाले. "काहीच सांगितलं नाही. म्हणजे बोलली खूप. मला कळलं नाही. मी खोटं बोलले."

ती बिया हलवत राहिली. मग गॅस बंद केला. सिंकशी जाऊन हात धुतले, साबण लावून, कितीतरी वेळ. पुसले. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता मारते. मारायला हवंच होतं.

"काय ऐकलंस?" ती म्हणाली. "शब्द राहू दे. काय ऐकलंस?"

मला तिनं पोत्यावर बसवलं. डोळे मिटायला लावले. आवाज कसा होता? जवळून की लांबून? मागं काय होतं? मी आठवायला लागले. मागं पोरं होती. किती? खूप. दहा? नाही, जास्त, ओरडत होती. आणि भांडी वाजत होती. रस्त्यावर? नाही, छताखाली, आवाज घुमत होता.

आणि एकदम मला कळलं तो आवाज कसला ते. आमच्या खेड्यातल्या शाळेत सुकडी वाटायचे, तेव्हा आम्ही सगळी पोरं वाट्या घेऊन व्हरांड्यात रांग लावायचो. वाट्या वाजवायचो. मास्तर ओरडायचे. कौलाखाली तो सगळा गलका असा गोल फिरायचा. आठवीत शाळा सुटली, पण तो आवाज माझ्या कानातून कधी गेला नाही.

"शाळा," मी म्हणाले. "खालती, ती शाळेत होती."

खालतीनं अम्मानला फोन लावला, या वेळी आकडे स्वतः दाबले. लोक घरं सोडून शाळांमध्ये जाऊन राहिलेत हे टीव्हीवर रोज दाखवत होते. पण कुठल्या शाळेत आणि कोण, हे कोण सांगणार? चुलतभावानं कुणाला फोन केला, त्यानं अजून कुणाला. मधे लाइनी बंद. त्या दिवशी खालती माझ्याशी एकच वाक्य बोलली.

"माझ्या बहिणीला तू मारून टाकलं होतंस."

रविवारी बायका आल्या. कॉफी होती, पण कुणी कपाला हात लावेना. पिऊन टाकली म्हणजे ती गेली असं होईल, असं प्रत्येकीला वाटत असावं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, आत जायला तोंड नाही, घरी जायला पाय नाहीत. दुपार व्हायला आली तेव्हा फोन वाजला. सगळ्या बायका एकदम उठल्या. खालतीनं उचलला, ऐकलं, आणि भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. सापडली होती. शाळेच्या एका वर्गात, तीस माणसांत, सासूसकट. बॉम्ब पडला त्याच्या दोन दिवस आधी दोघी घरातून निघाल्या होत्या, आणि पोचल्यावर कुणाच्या तरी मोबाइलवरून तिनं जो पहिला फोन केला, तो मी घेतला होता.

पुढं लाइनी सुरळीत झाल्यावर खालतीनं बहिणीला विचारलं. बहीण म्हणाली, "मी ओरडून शाळेचं नाव सांगतेय, आणि कुणीतरी परकी बाई अस्सल आपल्या बोलीत विचारते, आज काय शिजवलंस! आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. मला हसू आलं. त्या सगळ्या दिवसांत तेवढंच हसले." मी हुंदका समजले ते हसू होतं.

खालतीनं मला काढलं नाही. तीन दिवस नुसतं "ते दे, हे धर" एवढंच चाललं. चौथ्या दिवशी कणीक मळता मळता म्हणाली, "या बिंती, एक ऐक. चांगली बातमी उशिरा सांगितली तरी चालेल. वाईट असेल ती पहिल्यांदा मला सांगायची. मी पडले तरी चालेल. मी काय पहिल्यांदा पडणार आहे का?"

मी मान हलवली.

"आणि अदसमध्ये कांदा म्हणे," ती म्हणाली. "खोटं बोलायचं तर नीट तरी बोल. त्या दिवसांत गाझात कांदा कुठला?" मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता तिनं मला पिठाच्या हातांनी जवळ घेतलं. माझा काळा स्वेटर पुरा पांढरा झाला.

पुढच्या वर्षी सरहद्द काही दिवसांसाठी उघडणार असं कळलं आणि खालती निघाली. महिन्याभरासाठी म्हणून. दोन बॅगा भरून औषधं, बहिणीच्या सासूसाठी लोकरीचे मोजे. आत गेली, आणि मागं दार बंद झालं. एकाचे सहा महिने झाले. आधी मी आणि एक मुलगी मिळून दुकान ओढलं, मग ते ओढवेना. कॅलगरीच्या मुलानं जागा सोडून दिली. त्यानं आईला सांगितलं नव्हतं. "तिथं तिला काय कमी काळज्या आहेत?" असं मला म्हणाला. आमचे हेही तेच म्हणाले.

तिचा फोन आला तेव्हा मी प्लाझासमोरच्या पार्किंगमध्ये होते. नखं रंगवायचं दुकान येणार होतं तिथं, आतली फोडाफोडी चालली होती. ती म्हणाली, "दुकान कसं आहे?"

"गेलं, खालती," मी म्हणाले. "जागा सोडली. पाटी काढली. ओव्हन कालच नेला."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"मोठा ओव्हनसुद्धा?"

"तोसुद्धा."

"बाजूचा लॉन्ड्रीवाला?"

"आहे. तुझी चौकशी करतो."

मग म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस ते," आणि तिचा आवाज फुटला, पहिल्यांदाच. मी ऐकत उभी राहिले. आत काचेपलीकडं एक पोरगा शिडीवर चढून आमची पिवळी भिंत गुलाबी रंगवत होता. त्याला वाटलं मी त्याच्याकडंच बघतेय. त्यानं ब्रश वर करून मला हाय केलं.